झेपेल तेवढंच कार्ड

५ फेब्रुवारी

खटपट्या,

सुखी रहा आणि हे पत्र पूर्ण वाच. फोन केला असता, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. चौतीस वर्षं बस चालवली, रोज संध्याकाळी गाडीत काय बिघाड आहे तो डेपोत कागदावर लिहून द्यावा लागे. तोंडी सांगितलेलं काम मेकॅनिकने कधी केलं नाही. तुझा धंदाही तोच, फक्त तुझी गिऱ्हाइकं टेबलावर मावतात.

तर बिघाड असा. काकूने शिवणाचे नमुने काढायला घेतलेला कॉम्प्युटर तुझ्या ओळखीचा आहे, तूच त्याला दोनदा मरणाच्या दारातून परत आणलंस. तिचं शिवण सुटलं आणि तो माझ्या गळ्यात पडला. आपल्या पोस्टमनने मला त्यावर बस चालवायचा खेळ घालून दिलाय. हसू नकोस. टेबलाला स्टिअरिंग आहे, पायाशी पेडल आहेत, थांबे, सिग्नल, उतारू, सगळं आहे. फक्त गाडी चालत नाही, उड्या मारते. मी आधी वळतो आणि रस्ता मागाहून वळतो. काल थांब्यावर गाडी लावली, दार उघडलं, कोणी नाही म्हणून निघालो, तर मागे उतारू उगवले. पोस्टमन म्हणतो ग्राफिक्स कार्ड नाही, ते घाला. कुठलं, ते त्याला ठाऊक नाही.

डबा उघडून मी पाहणी केली आहे. धूळ ब्रशने काढली. पॉवरच्या पेटीवरचं लेबल भिंगाने वाचून सोबतच्या कागदावर जसंच्या तसं उतरवलंय. एकूण तीनशे वॅट. कार्ड बसवायची लांब खाच एक आहे, मागच्या पत्र्यापासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत एकवीस सेंटिमीटर जागा आहे. पेटीतून आलेली मोकळी वायर एकच, चपटी.

खिशाला झेपेल असं काहीतरी सुचव. आणि एक अट आहे. दुकानात गिऱ्हाइकाला सांगतोस तसं सांग, पुतण्या म्हणून सांगू नकोस. आपल्या घराण्यात पुतण्यांनी दिलेले सल्ले कोणाला फळलेत ते आठवून पाहिलं, एकही सापडला नाही.

म्हाताऱ्याला हे काय खूळ, असं तुला वाटेल. लायसन जाऊन चौदा महिने झाले. बाजारात काकू पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो आणि तिथे ब्रेक नसतो. हे ज्याच्या कृपेने झालं तो घंटी, एकोणीस वर्षं माझ्याच बसवर कंडक्टर होता, तिकिटं फाडून घंटी मारायचा, तोच शेवटी माझी घंटी वाजवून गेला. आज समोरून येताना दिसला. मी रस्ता बदलला.

लवकर कळव.

तुझा काका


१४ फेब्रुवारी

ती. काकांना आणि काकूंना नमस्कार,

पत्र मिळालं. लेबल इतकं नीट उतरवलंय की मी ते दुकानात सगळ्यांना दाखवलं. आमच्याकडे इंजिनिअर येतात आणि "पॉवर सप्लाय काळ्या रंगाचा आहे" एवढं सांगतात. आमच्या मालकांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय, "आधी पेटीचं लेबल, मग कार्डाची गोष्ट."

तर ऐका. कार्डं ढोबळ मानाने दोन जातींची. एक जात लहान, तिला लागणारी वीज त्या लांब खाचेतूनच मिळते, वेगळी वायर लागत नाही. दुसरी जात मोठी, तिला पेटीतून स्वतंत्र वायर लागते, दोन-दोन पंखे असतात, आणि चित्र असं दिसतं की बसच्या काचेवरचे थेंब मोजता येतात. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याचा मेंदू मोठ्या कार्डाला पूर्ण पुरा पडणार नाही. हे मी गिऱ्हाइकालाही सांगितलं असतं.

पण काका, तुम्ही गिऱ्हाईक नाही. मी तुमच्यासाठी मोठंच कार्ड घेतलंय. पार्सल आजच टाकलं. दुकानात एकाने बदलून दिलेलं होतं, मला स्वस्तात मिळालं, तेव्हा त्याचं काही मनावर घेऊ नका, पैसेही पाठवायचे नाहीत. ते तुमच्या तीनशे वॅटच्या पेटीवर चालणार नाही आणि एकवीस सेंटिमीटरमध्ये बसायलाही अडचण येईल. म्हणून मी स्वतः येतो. दोन मार्चला रविवार आहे. नवी पॉवरची पेटी घेऊन येतो, पिंजरा सरकवतो, सगळं बसवून देतो आणि तुमच्या शेजारी बसून शेवटच्या थांब्यापर्यंत येतो. तोवर कार्डाला हात लावू नका. खोक्यातच राहू द्या.

घंटीकाकांचं म्हणाल, तर आता जाऊ द्या ना. चौदा महिने झाले. ज्याने कोणी कळवलं असेल त्याने तुमचं वाईट व्हावं म्हणून कळवलं नसेल.

डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता ना? डाव्या डोळ्याचं डॉक्टर काय म्हणतात?

तुमचा,
खटपट्या


२३ फेब्रुवारी

खटपट्या,

पार्सल आलं. काकूला वाटलं पोळपाट आलाय. हे कार्ड आहे की विमानाचं इंजिन? सत्तावीस सेंटिमीटर भरलं. मी एकवीस लिहिलं होतं. तू नापास झाला होतास तो गणितातच ना?

आभार मानतो, पण मला हे पटलेलं नाही. मी गिऱ्हाइकासारखं सांग म्हटलं, तू लग्नातल्या आहेरासारखं पाठवलंस. अंगापेक्षा बोंगा मोठा करून ठेवलास. आता कार्डासाठी पेटी, पेटीसाठी तू, तुझ्यासाठी सुट्टी. पोस्टमनने खोक्यावरचं वाचलं आणि म्हणाला, "पुतण्याचा फार जीव आहे तुमच्यावर." मी हो म्हटलं. लहानपणी तू माझ्या बसच्या इंजिनशेजारी बसून यायचास, तेव्हापासून आहे. तरीही एवढं कशाला, हे मला कळलं नाही. आल्यावर सांग.

घंटीबद्दल तू लिहिलंस ते मात्र लागलं. "ज्याने कोणी" काय? दुसरं कोण? लायसनच्या ऑफिसातल्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या माहितीतल्या माणसाने पत्र पाठवलंय, म्हणून तपासणीला बोलावलं." नाव सांगितलं नाही. नाव कशाला लागतं? त्या महिन्यात माझ्या गाडीत शेजारी बसलेला घंटीच होता. त्याच्यासमोर एक किरकोळ प्रकार झाला होता, लिहिण्यासारखा नाही. पंधरा दिवसांत ऑफिसचं बोलावणं आलं. दोन अधिक दोन करायला मला तुझ्यासारखी शिकवणी लागली नाही.

तपासणीहून परत आलो तो सरळ न्हाव्याच्या दुकानात गेलो. घंटी अर्ध्या तोंडाला साबण लावून बसला होता. चार माणसांसमोर मी म्हटलं, "एकोणीस वर्षं माझ्या जिवावर झोपा काढल्यास गाडीत, आणि शेवटी पाठीत सुरा घातलास." आणखीही बोललो. त्याच्या बायकोच्या आजारपणात मी काय केलं तेही काढलं, ते काढायला नको होतं. तो आरशात माझ्याकडे बघत राहिला आणि मग मान खाली घातली. निर्दोष माणूस मान खाली घालतो का? खुर्चीतून उठून भांडला असता, वस्तरा उगारला असता तरी मी मानलं असतं. न्हावीच बिचारा म्हणाला, "काका, साबण वाळतोय त्यांचा."

तेव्हापासून बोलणं बंद. आता तो हे गावच सोडून मुलीकडे चाललाय म्हणे, पुढच्या महिनाअखेरीस, कायमचा. घर विकलं. जाईना का. मला काय त्याचं.

रविवारी ये. काकू वाट बघते.

काका


१ मार्च

ती. काकांना नमस्कार,

उद्या येता येत नाही. दुकानात अचानक एका शाळेचे चाळीस कॉम्प्युटर आलेत आणि माझा जोडीदार आजारी पडलाय. नऊ तारखेला नक्की येतो. नाही जमलं तर सोळाला. रागावू नका. काकूंनी माझ्यासाठी काही करून ठेवलं असेल तर तुम्ही खाऊन टाका.

घंटीकाका खरंच चाललेत का? नक्की कधी?

कार्डाला हात लावू नका. हे मी पुतण्या म्हणून नाही, दुकानदार म्हणून सांगतोय.

खटपट्या


१२ मार्च

बाळा,

काकूचे आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, लांबलचक होईल ते होईल.

आधी हे सांगते की तुझे काका ठीक आहेत. काही भाजलं नाही, घरही ठीक आहे. नऊ तारखेला तू आला नाहीस. दुपारी त्यांनी मला विचारलं, "येत नसेल तर का येत नसेल?" मी म्हटलं कामात असेल. दहाला सकाळी ते बाजारातून एक जोडवायर घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं म्हणे, जुन्या पेटीच्या चपट्या वायरला ही लावा, मोठं कार्ड चालतं. पिंजरा काढून डिस्क बाहेर टेबलावर ठेवली. कार्ड बसवलं. मला हाक मारून बोलावलं, "ये, तुला गाडीतून फिरवतो." मी बसले शेजारी स्टुलावर.

सुरू झाला, बाळा. काय सुंदर दिसलं. रस्ता अगदी गुळगुळीत. त्यांनी पहिला थांबा घेतला, माणसं वेळेवर चढली. ते मला म्हणाले, "तिकीट?" दुसऱ्या थांब्यापर्यंत नाही पोचलो. पेटीतून टप असा आवाज आला, वास आला, धूर आला. मी बटण बंद केलं, चादर टाकणार होते तर त्यांनी हात धरला. आता तो कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. ते नुसते बसून आहेत. काल दाढी केली नाही. गॅसची शेगडी पेटवायला सांगितली तर म्हणाले, "माझ्या हातात आता काही देत जाऊ नकोस. बरोबर केलं त्यांनी लायसन काढून घेतलं ते." चौदा महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते ऐकायला मुळीच बरं वाटलं नाही.

तुझ्यावर राग नाही, पण एक विचारते. तू येईन म्हणतोस आणि येत नाहीस, हे पहिल्यांदा नाही. गेल्या वर्षी दिवाणखान्याच्या रंगाच्या वेळी पण आला नाहीस, माझ्या पायाचं प्लॅस्टर होतं तेव्हा पण आला नाहीस. मोठमोठी पार्सलं मात्र येतात. आमच्याकडून काही चुकलंय का?

घंटीभावोजींचं सामान बांधून झालंय. तीस तारखेला सकाळी निघणार. भावोजी मला रस्त्यात भेटले, यांची चौकशी केली. मी यांना सांगितलं नाही.

काकू


१६ मार्च

ती. काका, ती. काकू,

हे पत्र दोघांनी वाचावं. काकू, तुम्ही विचारलंत काही चुकलंय का. चुकलं ते माझं.

काका, लायसनच्या ऑफिसला पत्र मी पाठवलं होतं. घंटीकाकांनी नाही. मी.

लायसन जायच्या आधीच्या नोव्हेंबरात मी आलो होतो आणि परत जाताना तुम्ही मला गाडीने स्टेशनवर सोडलंत. पेट्रोल पंपाच्या चौकात डावीकडून एक माणूस रस्ता ओलांडत होता, तो थोडक्यात वाचला. तुम्हाला ते कळलंच नाही. तुम्ही मला त्या वेळी डेपोतला कुठलासा किस्सा सांगत होतात आणि हसत होतात. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर आपण पुढे गेलो होतो. स्टेशनवर तुम्ही माझी बॅग उतरवलीत, मला पाठीवर थाप मारलीत. मी सांगणार होतो. नाही सांगितलं. तुम्हीच मला शिकवलंय की ड्रायव्हरला त्याची चूक तोंडावर सांगायची, मागे नाही. मी मागे सांगितली. रेल्वेत बसून सहा तास विचार केला आणि घरी पोचल्यावर पत्र लिहिलं, खाली लिहिलं, "माझं नाव कळवू नये."

पत्र पाठवलं त्याची मला लाज वाटत नाही, याबद्दल खोटं बोलून उपयोग नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा कळवेन. पण तुम्ही घंटीकाकांचं नाव घेतलंत ते मला महिन्याभरात कळलं, आणि मी गप्प राहिलो. पहिल्यांदा वाटलं, काकांचा राग निवळेल मग सांगू. मग वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलं म्हणतील. दर महिन्याला सांगणं आणखी कठीण होत गेलं आणि मी आणखी भ्याड होत गेलो. तुमच्याकडे यायचं ठरलं की आदल्या दिवशी मी न येण्याचं निमित्त शोधायला लागायचो. शाळेचे चाळीस कॉम्प्युटर आले होते हे खरं आहे, पण ते एका दिवसाचं काम होतं. जोडीदार ठणठणीत होता.

आता कार्डाचं सांगतो. तुमच्या कॉम्प्युटरसाठी कुठलं कार्ड योग्य, हे मला तुमचं पहिलं पत्र वाचताच कळलं होतं. लहान जातीचं, सोळा सेंटिमीटरचं, एका पंख्याचं, खाचेतूनच वीज घेणारं. तुमच्या तीनशे वॅटवर ते आरामात चाललं असतं, पोस्टमननेही दहा मिनिटांत बसवलं असतं, आणि तुमचा खेळ तुम्हाला हवा तसा चालला असता. रोज मी चार गिऱ्हाइकांना हेच सांगतो. तुम्हालाही तेच सांगायचं होतं, तुम्ही तेच मागितलं होतं. पण ते मला फार लहान वाटलं. मी तुमचं एवढं काढून घेतलं, आणि परत काय देतोय, तर तळहाताएवढं कार्ड? म्हणून मोठं घेतलं. ते कोणी बदलून दिलेलं नव्हतं, नवं होतं. मी तुमच्यासाठी नाही, माझ्या मनाच्या समाधानासाठी घेतलं, आणि तुमच्या घरात धूर केला.

एवढ्या मोठ्या कार्डाचा भार त्या एका चपट्या वायरवर आला. बहुतेक पेटीच गेली असेल, बाकीचं वाचलं असेल. पाहिल्याशिवाय सांगत नाही. काकांच्या हाताची यात चूक नाही. जोडवायर विकणाऱ्याने पेटीचं लेबल विचारायला हवं होतं आणि मी ठरल्या दिवशी यायला हवं होतं.

घंटीकाकांनी मान खाली का घातली, हे मला माहीत नाही. पण तक्रार त्यांनी केली नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. तीस तारखेच्या आत त्यांना हे कळलं पाहिजे. तुम्ही सांगणार नसाल तर मी येऊन त्यांच्या दारात सांगेन. तुम्ही मला दारात उभं कराल की नाही, ते तुम्ही ठरवा.

खटपट्या


३० मार्च

खटपट्या,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या तीन दिवसांत जी उत्तरं लिहिली ती काकूने फाडली. बरं केलं. त्यातल्या एकात तुझ्या बापाचाही उद्धार होता आणि तो बिचारा माझा भाऊ आहे.

घंटीकडे जायला मी काल तयार झालो. नऊ दिवस मी रोज चपला घालत होतो आणि काढत होतो. तू चौदा महिने कसे काढलेस ते मला त्या नऊ दिवसांत थोडं कळलं. कळलं म्हणून पटलं असं समजू नकोस.

घर रिकामं होतं. तो दोन खोक्यांच्या मधे जमिनीवर बसून सुतळी कापत होता. मी म्हटलं, "तू नव्हतास. माझा पुतण्या होता." तो म्हणाला, "बस." बसायला काही नव्हतं, म्हणून मीही खालीच बसलो. मी माफी मागितली, न्हाव्याच्या दुकानात जे बोललो त्याची, त्याच्या बायकोच्या आजारपणाचं काढलं त्याची. तो सुतळी कापत राहिला. मग मी विचारलं, "गाढवा, तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याने सुतळी खाली ठेवली. म्हणाला, "काय बोलणार होतो? मी नाही केलं, असं? मी करायला हवं होतं रे. तू मला नसलेलं श्रेय देत होतास."

आता तो किरकोळ प्रकार तुला सांगतो, जो लिहिण्यासारखा नाही असं मी लिहिलं होतं. दवाखान्याच्या वळणावर एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यावर उतरली होती. डावीकडून. घंटीने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा बाबागाडीचं चाक माझ्या बंपरला टेकलं होतं. बाई किंचाळलीसुद्धा नाही, ती माझ्याकडे नुसती बघत होती. मी घंटीवर ओरडलो, "दुसऱ्याच्या गाडीत हँडब्रेक ओढतात का?" पुढचा सगळा रस्ता त्याला बोल लावत घरी आलो. घरी आल्यावर कुलपात किल्ली काही केल्या जाईना. काकूला मी सांगितलं, थंडी वाजतेय.

घंटी म्हणाला, तो त्या आठवड्यात तीनदा कागद घेऊन बसला ऑफिसला लिहायला. तीनदा उठला. एकोणीस वर्षं एका गाडीवर काढलेल्या माणसाबद्दल लिहवेना. मी न्हाव्याकडे जाऊन ओरडलो तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं, कोणीतरी केलं, आणि आपण नाही केलं याची लाज वाटून त्याची मान खाली गेली. ती मान बघून मी चौदा महिने माझा राग पोसला. राग पोसणं सोपं होतं. नाहीतर रोज ती बाई आठवावी लागली असती.

सगळं ठाऊक असून मी गाडी चालवत होतो, खटपट्या. तुझं पत्र गेलं तेव्हाही, बाबागाडीनंतरही, ऑफिसने लायसन काढून घेईपर्यंत. तुझ्या गुन्ह्याचा हिशेब मांडायला मी कुठल्या तोंडाने बसू?

आज सकाळी टेम्पो आला. आम्ही दोघांनी मिळून दोन खोकी चढवली, बाकीची हमालांनी. एक तास मिळाला आम्हाला, चौदा महिन्यांऐवजी. तो टेम्पोत पुढे बसला, काच खाली केली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "यांच्या हाताखाली चालवायला शिकला असतास तर बरं झालं असतं." मग गेला. मी कोपऱ्यापर्यंत बघत होतो. मुलीचा पत्ता देऊन गेलाय. त्याला आता पत्रं लिहायची, आणि त्याचं अक्षर तुझ्याहून वाईट आहे.

या चौदा महिन्यांसाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. करीन असं वाटतं, पण आज नाही. तक्रारीसाठी माफ करण्यासारखं काही नाही.

सहा तारखेला ये. पेटी आण, लहान कार्ड आण, सोळा सेंटिमीटरचं. मोठं परत घेऊन जा, ते बघवत नाही मला. मी शेजारी बसेन, स्क्रू हातात देईन.

पण डबा उघडायच्या आधी एक काम आहे. पेट्रोल पंपाच्या चौकातला माणूस तू एका ओळीत उरकलास. मला पूर्ण सांग. केवढा होता? हातात काही होतं का? तो मागे सरला की पडला? पडला असेल तर उठला का, की आपण नुसते निघून गेलो? बाबागाडीवाल्या बाईला मी पाहिलं आहे, रोज पाहतो. त्याला मी पाहिलेलं नाही. गाडी मी चालवत होतो आणि त्याचा चेहरा फक्त तुझ्याकडे आहे.

काका